आठवर तू, बारावर मी

प्रिय इश्बेल,

तुझं कार्ड पोचलं. तीन पत्ते फिरून आलं बिचारं. आधी किवीच्या पॅकिंग शेडवर गेलं, तिथून फेरीबोटीच्या स्वयंपाकघरात आणि तिथून इकडे, पश्चिम किनाऱ्यावर, या नदीच्या तोंडाशी. वाटेत कुणीतरी त्यावर चहाचा कप ठेवलेला दिसतो. मिसेस गिलिसचं आडनाव त्या गोल डागात बुडालंय, बाकी सगळं वाचता आलं. चार ऑक्टोबरचा शनिवार, मिसेस गिलिसचा शेवटचा वसंताचा कार्यक्रम, शेवटच्या गाण्याला सगळ्या जुन्या मुली उभ्या राहणार, माझी जागा तुझ्या शेजारी ठेवलीय, येताना सगळ्यांसाठी खाण्याची एक थाळी भरून घेऊन ये. खाली बारीक अक्षरात लिहिलंस की मिसेस गिलिसनी त्यांच्यानंतर मुलींचा गायनवृंद तुझ्याकडे सोपवायचं ठरवलंय, पण तू त्याच संध्याकाळी नाही म्हणणार आहेस, कारण तुला मोजता येत नाही. आणि सही: पंक्चर.

ते कार्ड मी खिडकीच्या फटीत खोचून ठेवलंय, आज नऊ दिवस झाले. इथे खिडकी म्हणजे ट्रकची जुनी काच आहे. झोपडी नॉर्मची. नॉर्म बहात्तर वर्षांचा आहे, त्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून या हंगामापुरता त्याला जाळं उचलायला माणूस हवा होता आणि मला झोपायला जागा. काम सोपं आहे. भरती आली की काचेसारखे पारदर्शक, बोटाच्या पेराएवढे मासे काठाकाठाने वर येतात, त्यांच्या वाटेत जाळं धरून बसायचं. ते बादलीत पडले की नुसते डोळे दिसतात, काळ्या ठिपक्यांची जोडी, जोडी, जोडी. अंड्यात कालवून तव्यावर टाकायचे. पहिले चार दिवस मला ते डोळे खाववेनात. पाचव्या दिवशी भूक लागली. चावणाऱ्या चिलटांबद्दल लिहीत नाही, कागद पुरायचा नाही.

मी काय सांगत होते? मोजण्याचं. इथे भरतीची वाट बघत तासन्‌तास बसावं लागतं आणि मी आपोआप मोजायला लागते. वीसपर्यंत, परत पहिल्यापासून. नॉर्म म्हणाला, “काय मोजतेस गं, मासे का तास? दोन्ही मोजून वाढत नाहीत.” मी म्हटलं, श्वास मोजतेय. त्याने माझ्या कपात वाकून बघितलं, मी त्याची बाटली तर उघडली नाही ना म्हणून.

मग त्याला आपला हॉल सांगावा लागला. गॅसचा हीटर, त्याच्यापुढे केळ्यांच्या खोक्यात पोरक्या कोकरांची रांग, कारण सप्टेंबरात, वसंत लागला की, आपल्या भागात प्रत्येक मुलीकडे दर तीन तासांनी दूध पाजायचं एक तरी कोकरू असायचंच आणि मिसेस गिलिसना तालमीला गैरहजेरी चालायची नाही, कोकरू चालायचं. त्या मेबल मॅकफीचं कोकरू नेमकं खालच्या सुरात ओरडायचं. मिसेस गिलिस पियानोवरून मान न वळवता म्हणायच्या, “मेबल, तुझ्यापेक्षा ते बरं गातंय, त्याला उभं कर, तू खोक्यात बस.” नॉर्म हसला. त्याला मेंढरं कळतात, गाणं नाही. म्हणून मी त्याला फाटकाचं सांगितलं.

तुला ते पाठ आहे, तरी लिहिते, कारण ते लिहिताना मला बरं वाटतं. लांब सूर तुटू द्यायचा नाही. माणसाला श्वास तर लागणार. म्हणून मिसेस गिलिसनी प्रत्येकीला जोडीदारीण दिली होती. एकीने श्वास घेतला की दुसरीने सूर धरून ठेवायचा, ती परत आली की मग दुसरीने जायचं. “पोरींनो, सूर म्हणजे कुरणाचं फाटक. एक बाहेर जाते तेव्हा दुसरीने ते धरून उभं राहायचं. दोघी एकदम गेलात की मेंढरं रस्त्यावर. शिंक आली तर शिंका, रडू आलं तर रडा, पण जोडीने श्वास घ्याल तर गाठ माझ्याशी आहे.” शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर वीस मात्रांचा. सगळ्यात वरच्या पट्टीत आपण दोघीच. आठवर तू, बारावर मी. तू श्वास घ्यायचीस तेव्हा तुझा डावा खांदा किंचित वर जायचा. मिसेस गिलिसना तो दिसला की त्या भुवई उडवायच्या. मला तो नेहमी दिसायचा, माझ्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात. आजही मोजताना आठवर तिथे काहीतरी हलतं.

नॉर्मने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “एवढंच? आमच्यात दोन माणसं जाळ्यावर असली की एक लघवीला जातो तेव्हा दुसरा जात नाही. त्याला गाणं कशाला लागतं?”

त्याचं बरोबर आहे.

आईशी रविवारी फोनवर बोलले. ती मेंढ्यांच्या भावापासून सुरू झाली आणि तुझ्यावर आली. तुझ्या वडिलांची कंबर आता कायमचीच गेली, टायरचं दुकान तूच चालवतेस, ट्रकची चाकं एकटी उतरवतेस. नवीन आलेल्या डेअरीवाल्यांना वाटतं की पंक्चर हे नाव तुला दुकानावरून पडलं. आई हसत होती. मग म्हणाली, “पोरगी गुणाची आहे गं, पण मिसेस गिलिसना म्हातारचळ लागलाय. जिला वीस मोजता येत नाहीत ती पोरींना काय मोजून देणार? हॉलच्या समितीतल्या बाया तेच म्हणतायत. बरं झालं, ती स्वतःच नाही म्हणतेय.” मी म्हटलं, आई, ती दिवसभर चाकाचे नट मोजते. एक चुकला तर चाक घरंगळत खाडीत जाईल. आई म्हणाली, “नट वेगळे.” मग तिने विचारलं की मी नीट जेवते का.

सात वर्षं झाली आपल्या त्या वसंताच्या कार्यक्रमाला. मला तो दिवस तुकड्यातुकड्यात आठवतो, सरळ नाही. दुपारचे तीन. हॉलची सगळी दारं उघडी, कारण आत माणूस मावत नव्हता. पुढच्या रांगेत डनीडिन शहराहून आलेले ते गृहस्थ, मांडीवर वही. त्यांनी पसंत केलं की आपल्याला तिथल्या मोठ्या महोत्सवाला जायचं होतं, बसने, आणि दोन रात्री हॉटेलात. हॉटेलात गरम पाण्याचा तलाव आहे हे कुणीतरी शोधून काढलं होतं. सतरापैकी अकरा मुलींनी पोहण्याचे नवे कपडे घेऊन ठेवले होते. कोणता सूर कुठे लागतो यापेक्षा तालमीत त्याचीच चर्चा जास्त. तू घेतले नव्हतेस. तू म्हणालीस, आधी निवडू तर दे.

शेवटचा सूर सुरू झाला. माझ्यासमोर बाजूचं दार होतं, आणि दारापलीकडे हमरस्ता. मेंढरांचा दुमजली ट्रक उत्तरेला चालला होता, रिकामा, फळ्या खडखडत. मला तेव्हाही चालत्या ट्रककडे बघितल्यावाचून राहवत नसे. आणि सूर तुटला. अगदी थोडा वेळ, पापणी लवावी इतका. पण वर आपण दोघीच होतो, आणि हॉल एवढा शांत होता, की त्या फटीतून एक कोकरू ओरडलेलं सगळ्यांनी ऐकलं. लोक हसले. डनीडिनचे गृहस्थही हसले, चांगलं हसले, आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

नंतर हॉलच्या स्वयंपाकघरात मिसेस गिलिसनी दार लावून घेतलं. बाहेर बायका थाळ्यांवरचे रुमाल काढत होत्या. आत आपण दोघी आणि त्या. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “फाटक कोणी उघडं टाकलं?” माझ्या तोंडात चीज रोल होता, ताटातून उचललेला, गरम. तू माझ्याकडे बघितलंस. मग त्यांच्याकडे बघून म्हणालीस, “माझंच चुकलं असेल, मिसेस गिलिस. मला मोजता येत नाही.” गणितात तू दरवर्षी कशीबशी सुटायचीस, सगळ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. त्यांनी तुझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “होतं गं असं.” संध्याकाळपर्यंत मेबल मॅकफीने तुझं नाव पंक्चर ठेवलं होतं. हवा गेली म्हणून, आणि तुझ्या घरी टायर म्हणून. इतकं नेमकं बसलं की मीही हसले. बस रद्द झाली, पोहण्याचे कपडे परत गेले. पुढच्या सोमवारी तू आपणहून खालच्या पट्टीत, मागच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. त्याच्या पुढच्या वसंतात तू गात नव्हतीस, चहाच्या किटल्या भरत होतीस. मी तोवर शाळा सोडून लोकर गोळा करणाऱ्या टोळीबरोबर निघून गेले होते. सगळ्यांना वाटलं, लॉर्नाच्या पायाला चाकं आहेत. ती आहेतच. पण चाकं असलेल्या माणसालाही परत यायला कुणी बंदी केलेली नसते.

आज दुपारी भरती उशिरा होती, म्हणून मी नॉर्मला कामाला लावलं. त्याला सूर दिला, कुठलाही, त्याला जमेल तो. तो भोंग्यासारखा लावला त्याने. मी म्हटलं, आठवर तू श्वास घे, बारावर मी घेते. पहिल्यांदा तो सातवरच खोकला. दुसऱ्यांदा दोघं हसलो. तिसऱ्यांदा मी पलीकडच्या काठावर बघत बसले, तिथे एक बगळा चालला होता. नॉर्मची छाती वर झाली आणि तिच्याबरोबर माझीही. नदीवर एकदम शांतता झाली. नॉर्म म्हणाला, “आता कुठे गेली होतीस? आठ माझा होता ना?” चौथ्यांदा मी त्याच्या पायाकडे बघून मोजलं. सूर वीसपर्यंत गेला, अखंड. घाणेरडा होता, पण अखंड. नॉर्म खूश झाला आणि त्याने मला त्याच्या वाटणीची माशांची धिरडी दिली. मी ती खाल्ली, मग झोपडीत जाऊन हे पत्र लिहायला बसले. उद्या सकाळी सातला टपालाची गाडी पुलावर थांबते. ही गाडी चुकली तर पत्र तुला शुक्रवारच्या आत मिळत नाही.

म्हणून आता सरळ लिहिते. त्या दिवशी तू आठवर श्वास घेतलास. बरोबर घेतलास, खांदा वर गेलेला मी पाहिला. माझं लक्ष ट्रकच्या मागे गेलं होतं, मोजणं सुटलं होतं, तुझा खांदा हलला तशी माझीही छाती भरली. मग बारा आले आणि मला श्वास लागला नाही. तो मी आधीच घेऊन बसले होते. हे मला तिथेच कळलं, मंचावर, सूर संपायच्या आधी. चीज रोल तोंडात होता म्हणून बोलता आलं नाही, असं मी स्वतःला सात वर्षं सांगतेय. चीज रोल चघळायला किती वेळ लागतो गं? फाटक मी उघडं टाकलं. तुला मोजता येतं, तेव्हाही येत होतं. तुला हे आधीच ठाऊक होतं का, ते मी विचारत नाही, तुला सांगावंसं वाटलं तर सांग. सोबत दुसरा कागद आहे, त्याच्यावर हेच लिहिलंय, मिसेस गिलिसच्या नावाने, खाली माझी सही. समितीसमोर वाचायचा की चुलीत घालायचा, ते तू ठरव. तू नाही म्हणालीस तरी मी शनिवारी दुपारी दोनपर्यंत पोचते, आईची थाळी घेऊन, वर चीज रोल रचून. पण नाही म्हणायचंच असेल तर दुसरं काहीही कारण दे, हे देऊ नकोस. माझी जागा ठेव. दाराकडची नको, भिंतीकडची दे. आठवर तू जा, फाटक मी धरते.

तुझीच जोडीदारीण,
लॉर्ना