गाडी मागे घेताना

११ जून, मंगळवार. कनमल्ला
आमचं हे चाकांवरचं घर, मागे पलंग असलेली गाडी, तळावर जागेवर लावायला आज चार खेपा! मागे होडीची ट्रॉली असते, त्यामुळे वॉली गाडी मागे घेणार आणि मी मागे उभी राहून हात दाखवणार — जूनची थंडी चुकवायला उत्तरेकडे निघतो तेव्हापासून, एकोणीस हिवाळे, हीच रीत. शेजारचे खुर्च्या टाकून बघत होतेच. मी डावा हात केला, हा उजवीकडे वळला.
"अगं एल्वी, हात दाखवतेस की माश्या हाकतेस?"
सगळे हसले. मीही. हात बरोबर होता.
कालचीच चहाची पिशवी पुन्हा वापरली. प्रार्थना झाली.

१३ जून
वॉलीने दोनदा विचारलं, कुठे चाललोय? कारुंबाला, मासे धरायला. "मग तसं सांग की!" — जणू मीच लपवत होते.

१६ जून, रविवार. लाँगरीच
सकाळची उपासना तळावरच, झाडाखाली. पाद्री नव्हता, एका निवृत्त मास्तरांनी वाचन केलं. वॉलीला सगळी गाणी पाठ, एक शब्द चुकला नाही! वाटलं, मी उगाच घाबरते.
मग मुलीचा फोन. निघतानाच तिने बजावलं होतं — "आई, बाबा जरा जरी गोंधळले तर मला कळव. मी विमानाने येते. गाडी विकू, तुम्ही दोघं माझ्याकडे चला." आज विचारलं, "खरं सांग, कसे आहेत?"
"ठणठणीत आहेत गं, जॅनिन."
उपासनेहून येऊन तास झाला नव्हता! खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा. लहानपणी चर्चच्या वर्गात मी ती इतरांकडून पाठ करून घेत असे.

२० जून, गुरुवार
अक्षर वाईट येणार.
विंटनच्या पुढे रस्त्याकडेच्या थांब्यावर मी स्वच्छतागृहात गेले. बाहेर आले तर गाडी नाही! नुसती धूळ. फोन, पर्स, टोपी, सगळं गाडीत. बाकावर बसून तेविसावं स्तोत्र म्हणत राहिले. किती वेळा, देवाला ठाऊक.
पाऊण तासाने कॉल आणि मर्ल हे नवराबायको त्यांच्या गाडीतून आले. कारुंबाला दरवर्षी यांचाच शेजार. त्यांनी मला घेतलं. बरंच पुढे गेल्यावर कॉलच्या गाडीतल्या बोलायच्या रेडिओवर वॉली सापडला.
"वॉली, अरे काही विसरलास का?"
"छे! सगळं आहे."
"आणि बायको?"
"मागे झोपलीय ती."
कॉल हसून हसून बेजार. मर्ल हसली नाही.
मी चालत्या गाडीत मागे कधीच झोपत नाही. मला उलटी होते. एकोणीस वर्षांत एकदाही नाही.
वॉली कडेला थांबला होता. मी चढले तर म्हणतो, "तू कधी उतरलीस?"

२३ जून, रविवार. कारुंबा
साडेचारला नेहमीप्रमाणे खुर्च्या गोल मांडल्या. मी बिस्किटं आणि घरचं लोणचं नेलं. कॉलने गोष्ट अशी रंगवली! "एकोणीस वर्षं टपून होता गडी, शेवटी जमवलं!" हशा. वॉली सगळ्यांत मोठ्याने हसला. गोष्ट कोणाची चाललीय, हे त्याला माहीत नव्हतं.
भांडी धुताना मर्ल हळूच म्हणाली, "माझ्या भावाचं असंच सुरू झालं होतं, एल्वी. मुलीला कळव."
"कळवीन."

२५ जून
होडी पाण्यात घातली. खाडी काचेसारखी. वॉलीने ग्रंटर जातीचा मासा धरला, ओठातून गळ अलगद काढला, पट्टीवर मोजला. नियमाच्या मापाला दोन बोटं कमी. "जा बाळा, मोठा होऊन ये," म्हणत सोडून दिला. गाठ मारणं, इंजिन, लाटेचा अंदाज — हातांना सगळं येतं. देवा, एवढे हात तरी ठेव. पुढचा एकच हिवाळा दे. जास्त मागत नाही.

२६ जून
फोन केला नाही.

२८ जून, शुक्रवार
समोरची सावलीतली जागा रिकामी झाली, म्हणून गाडी हलवली. मी मागे उभी राहून हात दाखवले. एका झटक्यात बसली! होडीसकट! मी तर टाळ्याच वाजवल्या.
वॉली खाली उतरला. माझ्यापाशी येऊन टोपी काढली.
"फार उपकार झाले, बाई. तुम्ही अगदी छान हात दाखवता. पण जरा हळू हं — माझी एल्वी मागे झोपलीय."
मी चपला काढल्या. अनवाणी आत चढले. पलंग सकाळी मी आवरला होता तसाच, चादरीवर एक सुरकुती नाही. दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जॅनिनला फोन लावला.
हळू बोलले.