सात मिनिटं मोजली

३ मार्च
सकाळची पाळी. पावणेअकराला फोन. बाई म्हणाली, धाकटा भाऊ हॉलमध्ये पडलाय, हाक मारली तर ओ देत नाही. श्वास आहे का विचारलं. मधूनच घोरल्यासारखा आचका देतो म्हणाली. म्हणजे श्वास नाहीच! रुग्णवाहिका सोडली. सांगितलं, फोन स्पीकरवर ठेवा, गुडघ्यांवर बसा, छातीच्या मधोमध हातावर हात, कोपरं ताठ, जोरात दाबा. मी मोजते, माझ्याबरोबर मोजा.

एक, दोन, तीन, चार — सात मिनिटं. घसा माझा कोरडा पडला, तिला मात्र धाप नाही. लोक रडतात, माझ्यावर खेकसतात. ही पाढे म्हटल्यासारखी मोजत होती.

माणूस वाचला.

४ मार्च
रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर चहाला भेटला. म्हणाला, दार नुसतं लोटलेलं होतं. आत तो माणूस, शेजारी फोन. बाई-बिई कुणी नाही. घाबरून शेजारी पळाली असेल, मी म्हटलं. त्यानं कप खाली ठेवला.

'जिन्यात होतो तेव्हा दोघींचे आवाज येत होते. आत गेलो तर एकच. फोनमधला — तुमचा.'

५ मार्च
झोप नाही.

१९ मार्च
तो वाचलेला माणूस स्वतः आला. पन्नाशीचा, घड्याळं दुरुस्त करतो. दोन बरगड्या मोडल्यात, खुर्चीत बसायलाही वेळ लागला. आभार मानले. मग हळूच विचारलं, घरात मी एकटाच असतो, फोन केला कुणी?

साहेबांची परवानगी काढून रेकॉर्डिंग ऐकवलं. पहिल्याच वाक्याला तो म्हणाला,

'ही आमची आक्का.'

आक्काला जाऊन आठ वर्षं झाली. त्याच हॉलमध्ये पडली होती. यानं आपल्याकडेच फोन लावला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिचा हात धरून बसून राहिला.

'काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही हो.'

म्हटलं, तेव्हा फोनवर हे सांगायची पद्धतच नव्हती. तुमची काही चूक नाही. जाताना मला वाकून नमस्कार केला — माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस!

२० मार्च
रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. शेवटच्या मिनिटात ती माझ्याबरोबर मोजत नाही. माझ्या एक आकडा पुढे आहे.

२३ मार्च
जुन्या नोंदी काढल्या. तोच पत्ता, आठ वर्षांपूर्वीचा. छाती दाबायला कसं सांगायचं, याचं आमचं प्रशिक्षण त्या फोनच्या चार महिने आधीच झालं होतं. फोन घेणारी — मी. बोलणं, एकोणीस सेकंद. 'गाडी निघालीय, वाट बघा,' म्हणून मी फोन ठेवून दिला होता.