कुणाच्याच दारात नसलेली बाग

कोल्हापूर,
सोमवार, १९ जानेवारी २०२६

ती. उदयदादास,

धाकट्या अनुजाचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल. वहिनींचा गुडघा कसा आहे? थंडी अजून हटलेली नाही, तेल लावून शेकत जा म्हणावं. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. न फाडता वाच.

काल आमच्या कॉलनीच्या बागेत बागप्रेमी मंडळाची सहल आली होती. शहरातल्या चार-दोन बागा ते दरवर्षी दाखवतात, त्यात आमचीही असते. मोकळ्या प्लॉटवर सगळ्या घरांनी मिळून केलेली आहे. वांगी, घेवडा, मेथी, जो राबेल त्यानं न्यावं. माहिती सांगायचं काम माझ्याकडं. बडबड करायला मला कुणी सांगावं लागत नाही, हे तुला माहीतच आहे.

तर बसमधून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उतरले. एवढा ऊस असलेला माणूस आमची वांगी बघायला कागलहून येतो आणि थेट कोथिंबिरीच्या वाफ्यात उभा राहतो. मी म्हटलं, "पावणं, वाफ्यातनं पाय काढा की जरा."

"व्हय व्हय, चुकलं," म्हणालास.

दादा, मी तुला बसच्या पायरीवरच ओळखलं होतं. पण हाक मारली तर तू तसाच माघारी वळशील, अशी भीती वाटली. म्हणून सगळ्यांबरोबर तुलाही शेणखत कसं कुजवायचं ते सांगत बसले. तूही मुकाट्यानं ऐकलंस. मग पाणी मागितलंस. बागेतल्या माठातलं दिलं. ते पिऊन भांडं परत पुढं केलंस, "आनी वाईच द्या."

मुलगा आपल्यातला नाही म्हणून माझ्या लग्नाच्या वेळी तू म्हणाला होतास, हिच्या दारात पाय ठेवणार नाही, हिच्या दारचं पाणी पिणार नाही. आजवर पाळलंस. बस गेल्यावर मी तिथंच बसले आणि मला उलगडलं. बाग कॉलनीची आहे. तू शब्द मोडला नाहीस आणि माझ्या हातचं पाणीही प्यालास. किती दिवस हे मनात घोळवलं असशील रे? मी रडले, खोटं कशाला सांगू. मनातला सगळा राग गेला. तू आलास, हे तुझे फार मोठे उपकार आहेत.

ज्या पोरीला तू नाव विचारलंस, ती माझी तेजस्वी. संध्याकाळी मी तिला सांगितलं, तो तुझा मामा. ती भडकलीच. म्हणाली, मग मला मामा म्हणून हाक का मारू दिली नाहीस?

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. पुढच्या महिन्यात, वीस तारखेला तिचं लग्न आहे. मामा म्हणून शेजारचे महंमदभाई उभे राहणार होते. गेली कैक वर्षं भाऊबीजेला मी त्यांनाच ओवाळते. त्यांना कालचं सगळं सांगितलं, तर म्हणाले, "मी हुबा ऱ्हातो की. पर आदी सख्ख्या मामाला इचारा. त्यो न्हाय म्हनला तर मी हायच." अशी माणसं मला मिळाली, दादा.

मांडव आमच्या दारात घालायचा होता. आज सकाळी महंमदभाईंनी कमिटीला गाठून परवानगी आणली. लग्न आता बागेत आहे. जेवण तिथंच, पाणी तिथंच. माझ्या दाराकडं तुला बघायलाही लागणार नाही.

नवरीला मांडवात मामा आणतो. तेजस्वीनं भटजींना सांगून ठेवलंय, मुहूर्त टळला तरी चालेल, मामा आल्याशिवाय मी उठणार नाही.

तुझी वाट बघणारी,
अनुजा