राजाची वाक्यं केशवच्या वहीत

सानगडी, मंगळवार, संध्याकाळ

केशव माझ्या राजाची वाक्यं पाठ करून राहिला आहे. नाटकात तो सेनापती. त्याला राजाची वाक्यं कशाला हवीत? आज तालमीला लवकर पोचलो, तर हा एकटाच पुटपुटत होता. हातात वही, एक पान दुमडलेलं.

"काहून रे, काय वाचून राहिला?"

"काही नाही जी." वही लगेच मिटली.

सगळे सामील असावेत. मी बोलायला लागलो की प्रॉम्प्टर मारोतीभाऊ आधीच ओठ हलवतात. झाडीपट्टीत संस्कृत नाटक कोण पाहील म्हणून लोक हसले, तेव्हा हे नाटक मीच उभं केलं, मीच बसवलं, राजाही मीच झालो. आता केशवला गादी?

तालीम संपल्यावर ते दुमडलेलं पान गुपचूप उघडलं. तिसऱ्या अंकातलं माझं भाषण. बाजूला पेन्सिलनं लिहिलेलं, 'दादा इथं थांबले तर मी उचलायचं.'

दादा म्हणजे मी. मी थांबतो? कधी थांबलो?

नियम माझाच आहे. नट वाक्यं विसरायला लागला, तर हंगाम संपेपर्यंत त्याला कोणी सांगायचं नाही, तो खचतो. विचारलंच तर हसून उडवून लावायचं.

निघताना मारोतीभाऊंना सरळ विचारलं, "खरं सांगा, मी विसरून राहिलो का?"

ते हसले. "तुमी कायले विसरता जी!"