'विहीर' या कवितेखालचं नाव

लातूर, २९ ऑगस्ट १९९८

प्रिय यासेर,

आधी माझ्यावरचा घोर अन्याय नोंदवून घे. समोर नवा कोचिंग क्लास निघालाय. साठ भावी डॉक्टरांच्या सायकली माझ्या दारात लागतात आणि स्वतःच्या घरात शिरायला मला रोज सर्कस करावी लागते. त्यावर परवा झणझणीत लेख लिहायला बसलो, तेवढ्यात पोस्टमनने तुझं पाकीट दिलं. लेख तिथंच राहिला.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमचे बापू गेले, ढिगाऱ्यातून त्यांची लोखंडी पेटी तेवढी निघाली. पेटीत उर्दू वही. निजामाच्या शाळेत शिकलेले बापू भाषणं मराठीत करायचे आणि मनातलं उर्दूत लिहायचे. मला त्यातला अलिफही कळत नाही. आई म्हणायची, "कशाला उघडतूस? ऱ्हाऊ दे की पेटीत." मला वाटलं, म्हातारीला जुन्या प्रेमपत्रांची धास्ती! मुक्तिसंग्रामाच्या पन्नाशीला बापूंच्या कवितांचा संग्रह काढायचा, म्हणून इस्त्रीला कपडे टाकावेत तशी वही तुला नांदेडला धाडली. तू उर्दूचा मास्तर, त्यातून घरचा माणूस.

तू सगळं मराठीत उतरवून पाठवलंस. सोबत चिठ्ठी नाही.

तुझे अब्बा लालमहंमद आणि बापू एका गावचे, जिवलग. अब्बा अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गेले, एवढंच आपल्याला ठाऊक. ते बापूंच्या कडब्याच्या गंजीत लपले होते, हे वहीत आहे. जमावाने विचारलं तेव्हा बापू काही बोलले नाहीत, नुसतं गंजीकडे पाहिलं, हेही आहे. आणि 'विहीर' ही कविता अब्बांनी त्या गंजीत बसून लिहिली, हेही.

विहिरीत उतरल्या दोन्हीकडच्या लेकी,
सांग, आता पाणी कुणाचं पिऊ?

पंचेचाळीस वर्षं गावच्या मुक्तिदिनाच्या झेंडावंदनानंतर बापूंनी ती मराठीत, स्वतःची म्हणून वाचली. लोक रडायचे. त्यांच्यामागे मी वाचतो. गेल्या सप्टेंबरात तू पहिल्या रांगेत होतास यासेर, तू टाळ्या वाजवल्यास! आणि आता स्वतःच्या बापाचं मरण तू माझ्यासाठी सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहून काढलंस. एकही शब्द खोडलेला नाही. मी तीनदा पाहिलं. आयुष्यभर लोकांची सालं काढत आलो, आज एक तिरकस वाक्य सुचत नाही.

माफी मागणारा मी कोण? लिहितोय ते एवढ्यासाठी, की काल प्रेसमध्ये जाऊन 'विहीर'खालचं बापूंचं नाव काढलं आणि तुझ्या अब्बांचं घातलं. गंजीची हकीकत त्याच पानावर, तुझ्याच शब्दांत. आई माझ्याशी बोलत नाही. प्रेसवाल्या भुजंगने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "सर, हे लालमहंमद कोन हायत?" कवी, म्हटलं.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच
अमरेश