सगळा दोष ग्रंथीचा

३ जून
खालच्या जबड्यावर डावीकडे सूज. ममताचं सुरू झालं, तो तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा म्हणून किती वर्षं सांगतेय. बायको आहे की फिर्यादी? खर्रा मी केव्हाच सोडला आहे. संध्याकाळी चौकात एक खातो, तो धरायचा नसतो. तिला कॅन्सरची भीती. मला नाही. आरशात फक्त अकरा वेळा पाहिलं.

५ जून
दारव्ह्यातली दातांची डॉक्टर वैष्णवी माझीच विद्यार्थिनी निघाली. आठवीत तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. एक्स-रे पाहून म्हणते, सर, दात चांगला आहे, हाड आतून पोखरलंय. रक्तातलं कॅल्शियम आणि गळ्यातल्या ग्रंथीचं हार्मोन तपासा. दुखतो जबडा, आणि ही बघते गळा! सूड घेतेय. तपासणीचा कागद तिथंच फाडला. बाकावरचे पेशंट बघत होते. बघेनात का.

६ जून
हाड पोखरलं म्हणजे कॅल्शियम कमी. एवढं गणित मला येतं, मी गणितच शिकवतो. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. दिवसाला दोन. शिवाय दूध.

२९ जून
पाठीत कळा, उलट्या. गोळ्या लागू पडत असाव्यात.

३० जून, यवतमाळ, दवाखाना
मुतखडा. रक्तात कॅल्शियम भलतंच जास्त. गोळ्या कोणी दिल्या, असं डॉक्टरांनी खेकसून विचारलं. मी ममताकडे पाहिलं. गळ्यात पॅराथायरॉइड नावाची ग्रंथी असते म्हणे. तिच्यावर गाठ आहे, आणि ती हाडातलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडते. जबड्याची सूज त्यामुळेच. कॅन्सर नाही, खर्रा नाही. वैष्णवीचं बरोबर होतं, पण सांगायची पद्धत चुकली.

२ जुलै
फार महत्त्वाचं. डॉक्टर म्हणाले, या आजारात चिडचिड होते. चिडचिड! ममतानं लगेच विचारलं, हे दुखणं तीस वर्षं असू शकतं का. एवढं जुनं नसावं, म्हणाले. अनुभव कमी दिसतो.
खुशीला फोन लावला. तिच्या लग्नाच्या मांडवात मी व्याह्यांवर ओरडलो, तेव्हापासून दोन वर्षं पोरगी घरी आलेली नाही. तिला समजावलं, ओरडत होती ती ग्रंथी, तुझा बाप नव्हे. ऑपरेशन झालं की ये. म्हणाली, आम्ही दोघं येतो.

१९ जुलै, नागपूर
ऑपरेशन झालं. गाठ काढली, कॅल्शियम उतरलं. राग नावालाही उरलेला नाही. नर्सनं सुई दोनदा टोचली, तरी तिला फक्त नालायक म्हणालो.

१० ऑगस्ट
खुशी आणि जावई आले. दहाचं सांगितलं होतं, साडेअकराला उगवले. घड्याळ कशाला बांधता, एवढंच विचारलं. जावई म्हणाला, एसटी पंक्चर झाली. त्यावर मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. शेजारचे बाहेर आले. खुशीनं बॅग उचलली. दारात थांबली.
"बाबा, गाठ तं काढली न? मंग आता कोन बोलून राह्यलं?"
ममतानं वाढलेली ताटं तशीच आत नेली. मला जेवायला विचारलंही नाही.

११ ऑगस्ट
वैष्णवीकडे गेलो. जबडा चाचपून ती खूश. सूज उतरतेय, हाड भरतंय. म्हटलं, ते जाऊ दे, रक्त पुन्हा तपास. गाठ परत आली असणार. काय होतंय सर, तिनं विचारलं. मी बाही वर केली.

१३ ऑगस्ट
रिपोर्ट आला. कॅल्शियम नॉर्मल. हार्मोन नॉर्मल. ममताला अजून सांगितलेलं नाही.