ज्यांचं येणं सुटलंय त्यांचा रविवार

५ नोव्हें., बुध.
चर्चचे पाळक आणि मंडळीतली दोन माणसं येऊन गेली. येत्या रविवारी खास उपासना, ज्यांचं येणं सुटलंय त्यांच्यासाठी. आमच्या हुलसूर गावात असे कितीक निघतील, सुरुवात मात्र माझ्यापासून. आमचा दानिएल गेला त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून मी देवळाची पायरी चढले नाही. रागानं नाही. पोराला पुरून आले आणि आतलं सगळं बधीर झालं. कशाचंच काही वाटत नाही.
पाळक नवे, भले आहेत. "अक्का, नुसतं येऊन बसा. कुणी काय इचारणार न्हाई." बघते म्हटलं.
हे त्यांना दारापर्यंत सोडून आले. यांचा एक रविवार चुकलेला नाही. दफन झालं त्या आठवड्यातसुद्धा गेले. तेव्हापासून मनात अढी आहे. यांना तिथं दिलासा मिळतो, आणि मला...

७, शुक्र.
अंगणवाडीत दिवसभर पोरांची वजनं. संध्याकाळी हे म्हणाले, "आलीस तर बरं." परत पेपरात तोंड.

९, रवि.
गेले एकदाची. चपला काढून सवयीनं बायकांच्या बाजूला वळले तर अडवलं. आज जोडीनं बसायचं म्हणे, पुढं खुर्च्यांवर, पाहुण्यांना परकं वाटू नये म्हणून. गुलाबाचं फूल, सरबत. मी पाहुणी! याच देवळात माझं लग्न लागलंय.
सोपी गीतं, छोटं प्रवचन. काही वाटलं नाही.
लग्नानंतर देवळात यांच्या शेजारी पहिल्यांदाच बसले. गीताला सगळे उभे राहिले. यांच्या हातात पुस्तक उघडं, पानही बरोबर, पण ओठ हलत नव्हते. प्रार्थनेला डोळेसुद्धा मिटले नाहीत. पंख्याकडं बघत होते.
वाटेत विचारलं, "गात न्हाईत तुम्ही?"
"न्हाई. पोरगं गेल्यापासून न्हाई."
"मग दर आयतवारी कामून जायलाव?"
बसस्टँड मागं पडल्यावर म्हणाले, "तुला रडायला घर मोकळं लागतंय म्हणून."

१०, सोम.
मी एकदाही रडलेली नाही. हे गेले की दार ओढून घेते आणि डाळ निवडत बसते. कधी तेही नाही.
एवढे रविवार हा माणूस माझ्यासाठी तिथं जाऊन बसला, आणि मी त्याच्यावरच डूख धरून. वाईट वाटलं. खरंच वाटलं, थोडंसं.

१३, गुरु.
पाळकांचा फोन. आवडलं का, काही सुचवायचंय का. छान होतं म्हटलं. या रविवारी नेहमीसारखंच, बायका-माणसं वेगवेगळी.

१६, रवि.
हे आंघोळ करून दाराशी. चल म्हणाले नाहीत. "निघू का?" एवढंच.
म्हटलं, "मी रडत न्हाई ओ घरी."
पायात चपला तशाच ठेवून उंबऱ्यावर बसले. घंटा होऊन गेली. आत येईनात, जाईनातही. मी चहा ठेवलाय, दोघांचा. उकळेपर्यंत हे लिहिते आहे. मग बाहेर जाऊन शेजारी बसावं म्हणते, पण बोलायचं काय ते अजून...